मीनाक्षीचं शेवटचं प्रकरण

विजेच्या गाड्यांच्या सरकारी समितीच्या अध्यक्षसाहेबांनी आमच्या मीनाक्षी सपकाळेला फसवलं. रागाच्या भरात लिहीत नाही. राग मला रोजच येतो, त्यासाठी लिहायला कशाला बसू?

मीनाक्षी आमच्या सुरतेतल्या उधन्यातली, गिरणीकामगाराची मुलगी. विजेच्या गाड्यांसाठी कोणत्या देशाचं धोरण कसं, याची तुलना ती समितीसाठी करत होती. मी जुन्या-नव्या बॅटऱ्यांचा व्यापारी. माझ्या दुकानात स्टूल ओढून बसायची आणि नॉर्वे, चीन, जर्मनीबद्दल अशी बोलायची, जणू आमच्याच गल्लीतली बिऱ्हाडं. "नॉर्वेने करात सूट दिली, ती सगळ्यांना दिसते. पण भाऊ, गाडी मेल्यावर तिला खांदा कोण देतो?" प्रत्येक देशाला तिचा हाच प्रश्न.

मी गिऱ्हाइकावर डाफरलो की घरच्या अहिराणीत विचारायची, "भाऊ, तुनं डोकं तपनं का?" गिऱ्हाईकसुद्धा हसायचं. माझा भाव मात्र तिथेच मोडायचा.

आमच्याकडे जुनी बॅटरी आणून दिली तरच नवीवर सवलत मिळते. लोक आपणहून जुनी उचलून आणतात. ते पाहून तिने अहवालाचं शेवटचं प्रकरण लिहिलं: गाडी विकणाऱ्या दुकानानेच मेलेली बॅटरी परत घ्यावी. "कायद्यात कंपनीची जबाबदारी लिहिलीय," ती म्हणायची, "पण उचलायला येतं कोण? इथे माणसं हातोड्याने फोडतात आणि तो धूर पितात."

तेव्हा तिला झालेला कॅन्सर पसरला होता. केमो घेऊन यायची, उलट्या थांबल्या की पुन्हा लिहायची. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, निश्चिंत राहा, जसंच्या तसं छापू."

छापील अहवाल मीच दवाखान्यात नेला. देशांची सगळी तुलना तिची, नाव अध्यक्षांचं. तिने थेट शेवटची पानं उघडली.

"नाव जाऊ दे, भाऊ. प्रकरण कुठंय?"

मी तिथेच आरडाओरडा केला. नर्स धावत आली. त्या दिवशी मीनाक्षीने मला शांत केलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्याच आठवड्यात गेली.

मी अध्यक्षांना फोन केला. म्हणाले, "अहो, ती दुकानदारीची गोष्ट. कंपन्यांना जड गेलं असतं."

साहेब, जन्मभर मी घासाघीस केली, यात करणार नाही. प्रकरण काढतोय, एवढं तरी तिच्या मरणाआधी तिला सांगायचं होतंत. ते प्रकरण कोणाच्या सांगण्यावरून काढलंत? लेखी खुलासा नको. उधन्याला या, तिच्या आईसमोर बसा आणि नाव सांगा.