तिचा अर्ज कोण भरणार?

तुमच्या आईच्या गव्हाणच्या मामांइतका दार लावायला वेळ घेणारा माणूस अख्ख्या पनवेल तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. सानिका, ईशान, तुम्ही त्यांना फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं आहे, तेही कपाळापासून वर, कारण फोन कसा धरायचा हे त्यांना आजवर कुणी पटवू शकलेलं नाही. म्हणून मी, तुमची आजी, हे लिहून ठेवते. तुमच्या आईच्या कागदांची हिरवी फाइल माझ्या कपाटात आहे, तिच्यात हे पान सर्वांत शेवटी लावणार आहे.

मामांचं आयुष्य मिठागरात गेलं. पांढऱ्या मिठावरचं ऊन बघून बघून डोळे कायमचे बारीक झालेले, त्यामुळे ते तुमच्याकडे बघतात की तुमच्या मागे, हे पहिल्या भेटीत कळत नाही. दुसऱ्या भेटीत कळतं, की मागेच बघतात. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने मुलीचं नवं नाव लिहायची आपल्याकडे पद्धत आहे, ती तुम्हाला ठाऊक असेल. मामांच्या मते नव्या नावाची सासरी जाते हे खरं, पण जुन्या नावाची कुठे जात नाही. ती एक तर माहेरी राहते, नाही तर चार पावलं मागून चालते. याबद्दल ते कधी वाद घालत नाहीत. फक्त तसं वागतात. रिक्षात कुणी लग्न झालेली बाई बरोबर असली की तिच्या शेजारची जागा मोकळी ठेवतात आणि रिक्षावाला तिथे माणूस बसवायला लागला की शांतपणे सांगतात, इथं बाई बसलीय. घरी पाहुणी आली की तिच्यापुढे चहाचे दोन कप. एकदा आमच्या खांदा कॉलनीतल्या लिफ्टमध्ये सोसायटीच्या सेक्रेटरींची बायको शिरली, तर हे दार धरून उभे. चौथ्या मजल्यावरचे लोक ओरडताहेत, लिफ्ट सोडा म्हणून. मामा म्हणाले, "थांबा जरा, यांची मागं राह्यलीय. वेनी सुटलीय तिची." ती बाई पुढे आठवडाभर जिन्याने चढली, आणि जिन्यातही मागे वळून बघत होती. नंतर तिने मला हळूच सांगितलं की लग्नाआधी तिची एक वेणी सारखी सुटायची.

मी तेव्हा हसले होते. मी पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, घरात प्रत्येक गोष्टीला लेबल लावलं. असल्या गोष्टींना माझ्याकडे खण नव्हता.

तुमच्या आईचे आईवडील तिच्या लहानपणीच गेले. मामांनीच तिला वाढवलं आणि आपल्या आईचं नाव दिलं, चांगुणा. तुमच्या बाबांशी तिचं लग्न ठरलं तेव्हा मला ते नाव जुनाट वाटलं. मुलगा परदेशी जायचा, तिथे या नावाचं कोण काय करणार, असा माझा व्यवस्थित विचार. तांदळावर 'अनुजा' लिहायला मीच सांगितलं. तिला कुणी विचारलं नाही, मीही नाही. पंगती उठल्यावर मामा माझ्याजवळ आले. अगदी अदबीने म्हणाले, "विहीनबाई, तुमी अनुजेला नेताव. मंग चांगुनेला आमी ठेवू का?" मला ती थट्टा वाटली. मी विडा खात म्हटलं, ठेवा की.

त्याला बारा वर्षं झाली. मग बाबांच्या कंपनीने कळवलं की ग्रीन कार्डच्या अर्जाचा सगळा खर्च, वकिलासकट, कंपनी देईल. कर्मचाऱ्याचाही आणि त्याच्या जोडीदाराचाही. अट एकच, दोघांचे कागद एकत्र आणि महिनाअखेरीच्या आत हवेत. नाही तर बाबांचा अर्ज पुढे जाणार आणि आईचा मागे राहणार, तो पुन्हा केव्हा घेतील हे वकीलही सांगेना. तुम्ही दोघं तिथेच जन्मलात, तुम्हाला काळजी नव्हती. तुमच्या आईला होती, ती रोज फोन करायची. कारण ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावर चांगुणा होती आणि पासपोर्टवर अनुजा. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं अ‍ॅफिडेव्हिट तिला जन्मापासून ओळखणाऱ्या वडीलधाऱ्या नातेवाइकाने करून द्यायचं होतं. असा माणूस जगात एकच उरला होता.

मी मजकूर स्वतः टाइप केला, मराठीत आणि इंग्रजीत, आणि गव्हाणला गेले. मामांनी तो बोट ठेवून दोनदा वाचला आणि घडी करून परत दिला. खोटी शपथ घेणार नाही म्हणाले. मी समजावलं, रागावले, तुमच्या आईला फोनवर रडायला लावलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, कंपनी किती जणांचा खर्च देते? दोघांचा, नवऱ्याचा आणि बायकोचा, मी म्हटलं.

"म्हंजे चांगुनेचा अर्ज कोन भरनार? ती काय त्यांच्या हिशेबात नाय."

"मामा, ती आणि अनुजा एकच आहे."

"तुमीच बोलल्याव, ठेवा. मी ठेवली."

मी कागद पर्समध्ये घातला. त्या दिवशी मी तशीच परत आले. महिन्याचे सहा दिवस उरले असताना पुन्हा गेले. दुपारची वेळ, बाहेर डोळे दिपवणारं ऊन, गावातली वीज गेलेली. ओटीवरच्या झोपाळ्यावर एक उशी आणि पुढे एक ताट झाकून ठेवलेलं. मामांचं जेवण झालं होतं. झोपाळा हलत होता. मी आधी पंख्याकडे पाहिलं, मग आठवलं की वीज नाही. मामा भिंतीला टेकून लांब बसले होते, त्यांचा पाय काही तिथवर पोचत नव्हता.

ते म्हणाले, सही करतो, पण तिला विचारून. आणि विचारायचं मी, कारण नाव मी काढून घेतलं.

पोरांनो, रिकाम्या झोपाळ्याशी बोलायला किती वेळ लागतो हे मला विचारा. माझ्यासारखीला फार लागतो. आधी मी तिला अहोजाहो केलं. मग घसा साफ केला आणि म्हटलं, "चांगुणा, तुला न विचारता मी तुझं नाव बदललं. चुकलं माझं. तुझी तिकडे गरज आहे, जातेस का?"

झोपाळा थांबला. सावकाश नव्हे, कुणी पाय टेकून थांबवावा तसा. मामा उठले, दाराशी गेले आणि दार सताड उघडून धरलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरलं. लांबून विमानाचा आवाज येत होता. बाहेर बघत त्यांनी मला विचारलं, ती कागदानं जाईल की विमानानं? मी म्हटलं, कागदाने. मग त्यांनी दार लावलं, कडीसुद्धा घातली. कडी घालताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

दुसऱ्या दिवशी पनवेलला कोर्टाजवळच्या नोटरीपुढे त्यांनी सही केली. कागद वेळेत पोचले, कंपनीने दोघांचा खर्च दिला. त्याच आठवड्यात तुमच्या आईचा फोन आला. तिला झोपाळ्याबद्दल आम्ही काही सांगितलं नव्हतं. ती सहज म्हणाली, तिथल्या दुकानाचं आपोआप उघडणारं दार ती आत गेल्यावर कितीतरी वेळ मिटेचना. दुकानवाला येऊन बघून गेला. मी फोन घट्ट धरून म्हटलं, बिघडलं असेल.

परवा मी गव्हाणला गेले होते. झोपाळ्यावर उशी नव्हती. मामा म्हणाले, बरं झालं, पोर मार्गाला लागली. मग आपलं एकच ताट धुऊन फळीवर पालथं घातलं. बारा वर्षं त्या घरात जेवायला दोन ताटं होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्या अ‍ॅफिडेव्हिटवर सही करून त्यांनी काय दिलं, ते वकिलाच्या यादीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. एकच कप. मी असल्या गोष्टींना हसते म्हणून असेल, किंवा ते आता थकले म्हणून असेल. मी कप तसाच ठेवला. मी लग्नाआधी कुमुद होते, हे तुमच्या आजोबांनंतर कुणालाच माहीत नाही. बी. ए. ला नाव घातलेलं, पहिल्या वर्षाची पुस्तकं आणलेली, ती माहेरीच राहिली. पदवी नंतर घेतली ती माझ्या लग्नातल्या तांदळावरच्या सुनंदाने. मी म्हटलं, "मामा, माझ्या तिच्यासाठीही एक ओता."

मामांनी बारीक डोळ्यांनी माझ्या मागे पाहिलं. चेहरा एकदम उजळला.

"कवाची उबी हाय बिचारी पुस्तक घेऊन," ते म्हणाले. "साखर किती?"

मला गेली दहा वर्षं बिनसाखरेचा लागतो. पण तिला अजून कसलाच आजार झालेला नाही.

दोन चमचे, मी म्हटलं.