बैठकीत सांगितलेला पगार

बद्रीनाथ तुपेला बघितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, या माणसाला कशाचंच काही पडलेलं नाही. फुलंब्रीहून पहाटेची एसटी धरायची, चिकलठाण्याच्या कारखान्यात दिवसभर लेथ मशीनवर उभं राहायचं आणि घरी येऊन म्हशीची धार काढायची. तेरा वर्षं हेच. ना कधी तक्रार, ना कधी वर मान.

त्या काळी त्या कारखान्यात महिन्याचा पगार बंद पाकिटात मिळायचा. माणसांचा सगळा कारभार बघणारे व्यंकटराव साहेब पाकीट हातात ठेवताना दरवेळी बजावायचे, "आपला पगार आपल्यापाशी. बाहेर बोललात तर घरचा रस्ता." माणसं अशी धास्तावलेली, की काय सांगू! एकमेकांच्या डब्यातलं खाणारी, एकाच्या भावकीतलं भांडण दुसऱ्याला तोंडपाठ, पण पगाराचा विषय निघाला की सगळ्यांची दातखीळ बसायची. बद्रीनाथला त्याचं काही वाटत नसे. आपण जुने, म्हणजे आपल्याला जास्तच मिळत असणार, असं तो धरून चालला होता. कोणी सांगितलं होतं त्याला? कोणीच नाही. त्याचं त्यानंच ठरवून टाकलेलं.

मग सिल्लोडकडचा सांडू आयटीआय करून कामाला लागला. बद्रीनाथच्याच हाताखाली. हत्यार कसं धरायचं इथपासून त्यानं पोराला शिकवलं. पोरगं गुणी, कष्टाळू, बद्रीनाथच्या मनात भरलं. घरी बद्रीनाथची लेक आशा लग्नाची झाली होती. तिचा एक पाय जरा ओढत चालायचा, आणि तेवढ्यावरून बघायला आलेले लोक चहा पिऊन निघून जायचे. आईबापाच्या जिवाला तेवढाच एक घोर. सांडू तिला बघायला आला आणि आपल्या बापाला म्हणाला, हीच. आशा त्या दिवशी चुलीपाशी बसून एकटीच हसत होती.

बैठक बद्रीनाथच्या ओट्यावर बसली. सांडूचा बाप रामकिसन चार पाहुणे घेऊन आला. मनकर्णाच्या, म्हणजे आशाच्या आईच्या, थोरल्या भावानं रिवाजाप्रमाणं विचारलं, "पोराला पगार किती?"

आपल्याकडं बैठकीत हे सगळ्यांदेखत विचारतात. त्यात वावगं काही नाही, आणि सांगायचंही मोठ्यानं असतं. कोणी पुटपुटला तर लोकांना काळंबेरं दिसायला लागतं. सांडू घुटमळला, बद्रीनाथकडं बघायला लागला. रामकिसननं त्याला ढोसलं, "सांग की लेका, लाजतो काय!"

"एकतीसशे," सांडू म्हणाला.

ओट्यावर सगळे खूश झाले. पोरीनं नशीब काढलं म्हणाले. सुपारी फुटली, दिवाळीनंतरचं लग्न ठरलं. बद्रीनाथही हसला. त्याला अठराशे मिळत होते.

जावयाचा हेवा नव्हता हो! पोरीच्या घरात चार पैसे जास्त येतात म्हटल्यावर कोणत्या बापाला वाईट वाटेल? पण ज्याला आपण शिकवलं त्याच्या निम्म्याच्या जरा वर आपली किंमत, आणि तेरा वर्षं आपण मान हलवत राहिलो, हे त्याच्या काळजाला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा तो काही मागायला व्यंकटरावांच्या टेबलापुढं जाऊन उभा राहिला.

"साहेब, मी येवढा जुना माणूस, आन् मला अठराशेच? नव्या पोराला एकतीसशे देता तुम्ही."

साहेबांनी मान वर केली. "कोणी सांगितलं?"

अरे बाबा, इथं तरी गप्प बसायचं! पण याला वाटलं, कोणाचं पाकीट चोरून बघितल्याचा आळ येतोय आपल्यावर. "चोरून नाय बघितलं, साहेब. सोयरिकीच्या बैठकीत निघालं. पोरीच्या मामानं इचारू नाय व्हय?"

सोयरीक ठरल्याचे पेढे त्यानं स्वतःच्याच हातानं साहेबांच्या टेबलावर ठेवले होते. जावई कोण, ते आख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं. बोलून गेला आणि मग त्याच्या ध्यानात आलं. "साहेब, त्याला काय करू नका. बैठकीत सांगावंच लागतं. माझ्या पोरीचं..."

"तुमच्या बैठका तुमच्या घरी," साहेब म्हणाले. "आणि खरं सांगू का? तुम्ही कधी मागितलेच नाहीत."

सांडू अजून कायम झालेला नव्हता. त्याला काढायला कारणसुद्धा लागलं नाही. उद्यापासून येऊ नका म्हणाले, झालं. पुढच्या पगाराला बद्रीनाथच्या पाकिटात चारशे जास्त निघाले. कशाचे, ते कोणी बोललं नाही आणि त्यानंही विचारलं नाही.

रामकिसन एकटाच आला. मनकर्णानं पाणी पुढं केलं, त्यानं तांब्याला हात लावला नाही. "बद्रीनाथराव, आमचं पोरगं तुमच्या ओट्यावर बसून बोललं. परका मानूस तिथं एक नव्हता."

"माझ्या मनात तसलं काय नव्हतं, पाव्हणं. पोटच्या पोरीची शपथ."

"तिची शपथ नका घेऊ. तिचा काय गुन्हा?" रामकिसन उठला. "सोयरीक मोडली म्हणून समजा."

तो गेल्यावर मनकर्णा भिंतीला टेकून रडायला लागली. आशा रडली नाही. पाय ओढत बापासमोर आली आणि खाली बसली.

"आबा, तुमचा वाढला का पगार?"

"व्हय."

"किती?"

बद्रीनाथनं तोंड उघडलं, पण आकडा काही बाहेर येईना. लेकीकडं बघवत नव्हतं त्याला.

"सांगा की, आबा," आशा म्हणाली. "मी कुणापाशी बोलनार नाय."