टॅम्पिनीसच्या बॉम्ब शेल्टरमधली मधाची बिअर

सिंगापूरला जायचं ठरलं ते माझ्या भावाच्या बिअरमुळे. मंदार तिथे बँकेत आहे, टॅम्पिनीसला राहतो आणि घरीच बिअर बनवतो. विकायची नसेल तर तिथे चालतं, तरी नियम वाचून घ्या. आमच्या वडिलांना, अण्णांना, हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "बँकेत नोकरी आणि घरात भट्टी!" त्यानंतर त्यांचा रविवारचा फोन दोन वाक्यांवर आला. "बरंय ना सगळं? ठेवतो."

"ताई, त्यांना एकदा घेऊन ये ना," मंदार मला म्हणाला. "माझ्या हातचा एक घोट घेतला तरी पुरे."

अण्णांना नातीच्या, मंदारच्या इराच्या नावाने विमानात बसवलं. सोबत महाबळेश्वरचा मध, चांगला दोन किलो. मध हातातल्या बॅगेत ठेवू नका, सिक्युरिटीवाले काढून घेतात. मी बाटल्या अण्णांच्या बनियनांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकल्या. एक गळली. बनियन कोणाचं होतं हे अण्णांना अजून सांगितलेलं नाही.

विमानतळावरून टॅक्सी करू नका. MRT ला, म्हणजे तिथल्या मेट्रोला, बँकेचं कार्ड टेकवायचं, ताना मेराला गाडी बदलायची, की टॅम्पिनीस आलंच. डबा इतका चकाचक की अण्णा म्हणाले, "ही माणसं जेवतात की नाही?" जेवतात, आणि कसली! हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली खाण्याचे स्वस्त गाळे, तिथे पाच-सहा डॉलरमध्ये पोटभर. आम्ही दहा दिवसांत दोन किलो वाढवले.

तिथल्या नव्या सरकारी फ्लॅटमध्ये बॉम्ब शेल्टर असतं. जाड भिंती, लोखंडी दार. लोक त्यात जुन्या बॅगा कोंबतात, मंदारने बिअरचं पिंप ठेवलंय. पिंप पाण्याच्या टबात, उकाड्यावर उपाय म्हणून टबात बर्फाच्या बाटल्या. दोन आठवडे बिअर आंबत होती. अण्णांनी हात मागे बांधून आत डोकावलं. आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलेला माणूस.

"तापमान लिहून ठेवतोस?"

"नाही, अण्णा."

"गाढव."

कित्येक महिन्यांतला त्यांचा हा सगळ्यात मोठा संवाद. मंदार खुश झाला.

दुसऱ्या दिवशी बिअर बाटल्यांत भरायची होती. भरण्याआधी थोडा मध पाण्यात उकळून मिसळतात. बंद बाटलीत यीस्ट तो खातं आणि फेस तयार होतो. थोडा म्हणजे वजन करून थोडा. मंदारने काट्यावर मोजून पातेल्यात घातला आणि बाटल्या धुवायला गेला. इथे आमचं खानदान आडवं आलं. आमच्याकडे मोजून वाढणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. पुण्याहून दोन किलो आणला आणि हा वाटीभर वापरतो? मी गुपचूप चार चमचे ढकलले. मग सगळ्यांनी मिळून बाटल्या भरल्या. झाकणं लावायच्या यंत्रावर अण्णांनीही एक बाटली लावून पाहिली. सगळ्या बाटल्या परत शेल्टरमध्ये ठेवल्या.

पुढचे तीन दिवस पासिर रिसचा समुद्रकिनारा, टोस्टला लावलेला नारळाचा जॅम आणि घाम. चौथ्या दुपारी जेवत होतो, तेवढ्यात शेल्टरमध्ये धाडकन आवाज झाला. मग दुसरा. मग माळच लागली. अण्णा दाराकडे निघाले तशी दहा वर्षांची इरा तिथल्या इंग्रजीत ओरडली, "आजोबा, डोन्ट ओपन लाह!"

दुसऱ्या दिवशी मंदार चष्मा, हेल्मेट, हातमोजे घालून आत शिरला. नुसत्या काचा आणि बिअरचा चिखल. तो दारातच खाली बसला. तीन दिवसांनी आमचं परतीचं विमान होतं. त्याच्याकडे बघवेना.

"मध कोणी वाढवला?"

"मी," मी म्हणाले. "चार चमचे."

"मी पण," त्याची बायको शाल्मली म्हणाली. "अण्णांना गोड आवडतं म्हणून."

मग अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मीही घातला. पळीभर."

"अण्णा, तुम्ही? गॅस होतो हे तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे रे. वाटलं, पोराचं चांगलं व्हावं."

मला रडू आलं आणि हसूही. मंदारचंही तेच झालं.

सगळ्यांत एकच बाटली शाबूत निघाली, अण्णांची. त्यांचा हात थरथरतो, झाकण नीट बसलं नव्हतं, गॅस निघून गेला होता. मंदारने ती फ्रिजमध्ये गार केली आणि स्टीलच्या पेल्यात ओतली. अण्णांनी घोट घेतला. आम्ही श्वास रोखून उभे.

"मध गेला कुठे?"

"यीस्टने खाल्ला, अण्णा. गोडी राहत नाही."

"मला शिकवू नकोस." त्यांनी आणखी एक घोट घेतला. "फुसकी आहे." आणि पेला रिकामा करून पुढे केला.

पुण्यात येऊन आता महिना झाला. सिंगापूरचे फोटो अजून कुणाला दाखवले नाहीत, बनियन अजून चिकट आहे. रविवारचा फोन मात्र तासभर चालतो. काल मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

"तापमान लिहितोयस ना? बरं. आणि मधाला हात लावायचा नाही. मी येतोय, मी वजन करीन."

त्यांना अजून कोणी बोलावलेलं नाही.