टपालबाईंचा चेहरा

"पुढच्या सोमवारी साडेदहाच्या आत त्या आल्या नाहीत, तर त्यांची जागा मी दुसऱ्या पेशंटला देणार," असं बोलण्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, तेव्हा टर्नरकाकांनी स्वयंपाकघराचं दार हळूच ओढून घेतलं. बाहेरच्या खोलीत बायको बसली होती. तिला ऐकू सगळं येत होतं, कळतही होतं. बोलता तेवढं येत नव्हतं.

"बारा दिवस आहेत तुमच्याकडे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अर्धांगाच्या झटक्यानंतरचे पहिले सहा महिने सगळ्यात मोलाचे असतात, काका. तुमचे चार घरात बसून गेले. इथे लोक रांगेत आहेत."

"ती यायला नाही म्हणते हो."

"म्हणते? कशी म्हणते?"

बायकोकडे आता तीनच शब्द उरले होते. 'नको', 'तसं नाही' आणि 'अहो'. भाजी वाढली की नको, उठवून बसवलं की तसं नाही, आणि बाकी सगळ्याला अहो. या तीन शब्दांवर चार महिने संसार चालला होता.

काका यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर टर्नर होते. केसाच्या जाडीएवढी चूक झाली तरी तुकडा भंगारात टाकणारा माणूस. बायको टपाल कार्यालयात खिडकीवर बसायची. सगळी गल्ली तिला टपालबाई म्हणायची. रोज सकाळी ती आठ मिनिटं आरशापुढे उभी राहायची. थोडी पावडर, काजळ, भुवयांवर पेन्सिल, ओठांवर फिकट रंग. यापलीकडे काही नाही, पण यातलं काही चुकायचंही नाही. "खिडकीतून लोकांना माझा चेहराच दिसतो, तो तरी नीट असावा," असं म्हणायची. ती आठ मिनिटं काकांनी कधी पाहिलीच नव्हती. तोवर ते पहिल्या पाळीला गेलेले असायचे. निवृत्त झाल्यावरही तेव्हा पेपर वाचत बसायचे.

झटक्याने तिचा उजवा हात निकामी झाला, उजवा पाय जड झाला आणि तोंडाची उजवी बाजू खाली ओढली गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर एकदाच ती बाहेर पडायला तयार झाली होती. जिन्यात तिच्या खिडकीवर नेहमी येणारे एक गृहस्थ भेटले. त्यांनी काकांना नमस्कार केला, तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "अरेच्चा, टपालबाई का? ओळखलंच नाही हो!" माणूस वाईट नव्हता. पण ती तिथेच कठड्याला धरून थांबली आणि मागे वळली. तेव्हापासून दाराकडे नेलं की नको.

काकांना वाटायचं, जड पायाने जिना उतरायची तिला भीती वाटते. फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा हा गैरसमज दूर झाला. आंघोळ करून ते बाहेर आले, तर आतल्या खोलीत काहीतरी खळकन फुटलं. धावत गेले. बायको पलंगाच्या कडेला बसलेली, डाव्या हातात काजळाची पेन्सिल, गालापर्यंत ओढली गेलेली काळी रेघ, आणि पायापाशी हातआरशाचे तुकडे. ती रडत नव्हती. दात आवळून भिंतीकडे बघत होती.

काकांनी काचा गोळा केल्या. मग घरातला दुसरा आरसा, न्हाणीघरातला, तोही उतरवून कपाटामागे ठेवून दिला. तिला त्रास नको म्हणून.

दुपारी ते तिची छोटी पेटी घेऊन तिच्यासमोर बसले. "अगं, मी करतो. रंगच द्यायचा ना? मशीनला देतो मी, तुला देता येणार नाही का?"

तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर उठला असता. काका उठले नाहीत. त्यांनी पावडर चोळली. ओठांवर रंग लावला, खाली ओढलेला कोपरा वरच्याशी जुळावा म्हणून थोडा बाहेरून, वर नेला. काजळाला हात घातला, पण टोक डोळ्याजवळ नेताच ते सोडून दिलं. मग मागे होऊन पाहिलं. समोर कुणी अनोळखीच बाई बसली होती, चुना फासल्यासारखी पांढरी, ओठ एका बाजूने हसणारे आणि दुसऱ्या बाजूने भलतेच. तिला आरसा लागला नाही. तिने त्यांचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं. पदराने खसाखसा सगळं पुसून काढलं आणि रात्री जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी काका गल्लीच्या टोकाच्या ब्यूटी पार्लरसमोर उभे होते. दारावर 'फक्त महिलांसाठी' अशी पाटी. आत जाववेना, परत फिरवेना. शेवटी पार्लरवाली बाईच बाहेर आली, पन्नाशीची, कंबरेला टॉवेल खोचलेला.

"काका, पंधरा मिनिटं झाली. आतल्या बायका घाबरल्यात. काय हवंय?"

काकांनी मान खाली घालून सांगितलं. झटका, जिना, आरसा, कालचे ओठ, सगळं.

"दुपारी दोन ते तीन बंद असतं," ती म्हणाली. "मागच्या दाराने या. आणि दाढी घोटून या, केसांवर काही टिकत नाही."

"दाढी? माझी कशाला?"

"मग शिकणार कुणावर, माझ्यावर?"

अशी टर्नरकाकांची शिकवणी सुरू झाली. खुर्चीत बसवून तिने त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर करून दाखवलं आणि उरलेला अर्धा त्यांना करायला लावला. आधी चेहरा धुवून क्रीम, मग पाच मिनिटं थांबायचं. रंग निवडताना हातावर लावून बघायचं नाही, जबड्यापाशी बघायचं. कपाळ, गाल, हनुवटी यांवर मुगाएवढे ठिपके, आणि ओल्या स्पंजने थोपटायचं. काका घासत होते.

"थोपटा! चेहरा आहे काका, पत्रा नाही."

पावडर फक्त नाकावर आणि कपाळावर. भुवई म्हणजे एक रेघ नाही, केसासारख्या बारीक बारीक रेघा. ओठांचा रंग बोटाने, मधून कडेला, टेकवत टेकवत. "आणि ओढलेली बाजू सरळ करायच्या भानगडीत पडू नका. ओठ जिथे आहे तिथेच रंग. खोटं काढलं की डोळा तिथेच जातो. आधी कोपरा टिपून कोरडा करा, तिथे ओल असणार."

"तिला उजव्या गालाला स्पर्श नीट कळत नाही," काका म्हणाले.

"मग दाब तुम्हाला कळला पाहिजे. आणि काजळाच्या वेळी करंगळी गालावर टेकवा. हात हवेत ठेवलात तर डोळ्यात जाल."

काजळाने मात्र काकांचा जीव काढला. स्वतःच्या डोळ्यातून घळाघळा पाणी, नाकातून पाणी, आणि रेघ जायची भलतीकडे. एकदा तसेच, अर्धा चेहरा रंगलेला विसरून, दूध आणायला गेले. दुकानदाराने त्यांच्याकडे पाहिलं, दूध दिलं आणि अतिशय आदराने म्हणाला, "सांभाळून जा, काका." ते घरी येऊन दारातच उभे राहिले तेव्हा बायकोने वर पाहिलं. काळा एक डोळा, गुलाबी अर्धे ओठ, हातात दुधाची पिशवी. तिच्या घशातून काहीतरी आवाज आला. काकांनी चार महिन्यांत तो ऐकला नव्हता, त्यामुळे ओळखायला वेळ लागला. ती हसली होती.

पण आपल्या चेहऱ्याला हात लावू दिला नाहीच. शुक्रवारी नको, शनिवारी नको. रविवारी काकांनी टॅक्सी सांगून ठेवली, सोमवारी सकाळी दहाची, आणि हे तिला सांगितलं तेव्हा ती नको म्हणाली नाही. काहीच म्हणाली नाही. हे जास्त भीतीदायक होतं.

सोमवारी नऊ वाजता काकांनी तिची खुर्ची खिडकीसमोर ठेवली. चेहरा धुतला, क्रीम लावलं, थांबले. घड्याळाचा काटा ऐकू येत होता. ठिपके, स्पंज, थोपटणं. ती डोळे मिटून ताठ बसली होती, दाढ काढायला बसल्यासारखी. भुवया झाल्या. ओठांचा कोपरा टिपला, रंग टेकवला. वीस मिनिटं गेली होती आणि अजून काही बिघडलं नव्हतं, म्हणूनच काकांनी काजळाची पेन्सिल फार जपून उचलली.

"वर बघ," ते म्हणाले.

डावा डोळा झाला. रेघ थोडी जाड होती, पण रेघ होती. उजव्या डोळ्याशी आले, करंगळी टेकवली. गालाला ती कळली नसावी, कारण पेन्सिल एकदम नजरेसमोर दिसताच ती दचकली. टोक डोळ्यात गेलं.

ती ओरडली. डोळ्यातून पाणी वाहू लागलं आणि काजळ, क्रीम, पावडर, सगळं एका काळ्या ओघळात गालावरून खाली आलं. काका ओला कापूस घेऊन धावले, तिने तो झटकला.

"नको!"

"अगं, पुसू तरी दे."

"नको! तसं नाही! तसं नाही!"

"मग कसं?" काका किंचाळले. चौतीस वर्षांत कारखान्यात आवाज न चढवलेला माणूस. "कसं ते सांग ना! मला काय येतंय यातलं? बस मग इथेच, जन्मभर बस!"

आणि ते गॅलरीत निघून गेले. कठडा धरून उभे राहिले. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पावणेदहा झाले होते. आत जाऊन माफी मागावी की टॅक्सीवाल्याला नको म्हणून सांगावं, हे त्यांना ठरवता येईना. तेवढ्यात आतून आवाज आला.

"अहो."

ते आत गेले. तिने डाव्या हाताने गाल पुसला होता. डोळा लाल होता. ती त्यांच्याकडे बघून तोंडाची जुळवाजुळव करत होती, जबडा हलत होता, मानेच्या शिरा ताणल्या होत्या.

"आ... सा."

"काय? आशा? कोण आशा?"

तिने मान जोरात हलवली. "आ... सा!" आणि डावा तळहात स्वतःच्या चेहऱ्यासमोर धरला.

काकांना कळलं, तिला आरसा हवा होता. घरातले आरसे त्यांनीच हलवले होते. दहा दिवस दोन अनोळखी हातांनी, एका पार्लरवालीच्या आणि एका त्यांच्या स्वतःच्या, तिचा चेहरा कसा करायचा ते ठरवलं होतं. जिने हे काम तीस वर्षं रोज केलं, तिला कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांनी कपाटामागून न्हाणीघरातला आरसा काढला, धूळ पुसली, तिच्यासमोर उशांना टेकवून उभा केला. ती बघत राहिली. बराच वेळ. काका घड्याळाकडे बघायचं धाडस करत नव्हते. ओढलेल्या ओठाकडे तिने बोट नेलं, तिथे थांबवलं, मग खाली घेतलं. आणि काकांचं उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट पकडलं.

पेन्सिल काकांच्या बोटांत, मनगट तिच्या मुठीत. तिने हात डोळ्याशी नेला, थांबली, श्वास सोडला, आणि बाहेरच्या कोपऱ्याकडून आत ओढला. काका आतून बाहेर ओढत होते, म्हणूनच पेन्सिल एकदम नजरेसमोर येऊन ती दचकली होती. छोट्या छोट्या तीन ओढी. काकांनी हात तिच्यावर सोडून दिला, श्वाससुद्धा धरून ठेवला. रेघ वाकडी होती, पण तिची होती. मग तिने डावा डोळाही थोडा पुसायला लावून पुन्हा तसाच करून घेतला.

खाली टॅक्सीचा भोंगा वाजला. दोन मजले जिना, एकेक पायरी. पहिल्या मजल्यावर कुणीतरी दार उघडलं, आणि तिचा हात काकांच्या दंडात रुतला. शेजारीण होती. "कुठे, दवाखान्यात का?" एवढंच म्हणाली आणि बाजूला सरली.

दवाखान्यात पोचले तेव्हा दहा चाळीस झाले होते. डॉक्टरीणबाई दारातच होत्या, हातात दुसऱ्या कुणाची फाइल. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग टपालबाईंकडे पाहिलं.

"उशीर झालाय," त्या म्हणाल्या.

"चूक माझी आहे," काका म्हणाले. "तिची नाही. मला काजळ येत नव्हतं."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांतली वाकडी रेघ पाहिली. मग फाइल काखेत घेऊन म्हणाल्या, "आत या. पुढच्या वेळी मात्र साडेदहा म्हणजे साडेदहा."

त्यानंतर आठवड्यातून दोनदा टपालबाई जात राहिल्या. आरसा हा शब्द सव्वा महिन्याने नीट आला, त्याआधी चहा, खिडकी आणि काकांचं घरातलं नाव आलं. वर्षअखेरीस छोटी वाक्यं जुळायला लागली. तोंडाचा कोपरा थोडा वर आला, पूर्ण नाही. टपाल कार्यालयात परत जाणं झालं नाही, त्याचं तिला वाईट वाटलं आणि ते तिने चार शब्दांत सांगितलं.

काकांना सुरुवातीला रोज चाळीस मिनिटं लागायची, मग पंचवीस. रेघ चांगली येऊ लागली तेव्हा ते इतके खूश झाले की पार्लरवालीला दाखवायला बायकोला घेऊन गेले, पुढच्या दाराने. दीड वर्षाने एका सकाळी ते पेटी घेऊन आले तर ती आधीच खिडकीशी बसलेली होती, डाव्या हातात पेन्सिल. एक डोळा करून झाला होता. कडेला रेघ सुटली होती आणि काकांची बोटं ती दुरुस्त करायला शिवशिवली.

"राहू दे," ती म्हणाली. "तुम्ही चहा करा."

काका चहा करायला गेले. आधण ठेवलं आणि हात रिकामे घेऊन ओट्याशी उभे राहिले, तेव्हा आतून तिचा आवाज आला, साखर कमी घालायला सांगणारा.