पोटाशी धरायचा कॅमेरा

नातीने डोळ्याला कॅमेरा लावला, फोटो लगेच बाहेर आला आणि मला टेंभी नाक्याजवळचं जुनं दुकान आठवलं. दुकानदार माझ्या वडिलांना, दादांना, असाच डोळ्याला लावायचा कॅमेरा दाखवत होता. दादांनी मात्र पोटाशी धरून वरच्या काचेत समोरचं बघायचा बॉक्स कॅमेरा उचलला.

"मला हाच बरा."

मला रागच आलेला. दुसरा केवढा चकचकीत होता!

आजोबांसमोर दादा आईकडे कधी मान वर करून बघत नसत. रविवारी अंगणात आजोबा खुर्चीत बसले, आई बाजूला उभी राहिली. दादा मान खाली घालून काचेत बघतच राहिले.

"अरे, किती वेळ?" आजोबा वैतागले.

"झालंच, अण्णा."

फोटो धुऊन आला, त्यात आजोबा अर्धेच होते. बरोबर मधोमध आई होती, थेट दादांकडे बघत.