इंजिनाखालची वीट

कडूबाचा हात आधी चालायचा, तोंड मागून. लहानपणी त्यानं संगं गुरं वळणाऱ्या पोराचे दात पाडले. स्वतःच्या लग्नात सख्ख्या मेव्हण्याला मांडवात लोळवला. दुर्गाबाई तर त्याच्या घरची, तिच्या पाठीला सवयच लागली होती. अंबडच्या अल्याड त्याच्या गावात लोक त्याला लांबूनच रामराम घालायचे. त्यानं हात उगारला नाही अशी जिनस एकच, त्याची राजदूत मोटारसायकल. बंद पडली तर प्लग काढून, लेकराच्या डोळ्यातला कचरा काढावा तशी हळूच फुंकर मारायचा.

"मी बी पेट्रोलवर चालले असते तं बरं झालं असतं," दुर्गाबाई म्हणायची. तो हसायचा आणि हसता हसता एक ठेवून द्यायचा.

ह्याच गाडीपायी त्यानं चुलतभावाचा हात मोडला. भुजंगनं न विचारता गाडी नेली आणि नाल्यात घातली. कडूबानं लोखंडी पान्ह्यानं त्याचं उजवं कोपर असं फोडलं, की तो हात पुन्हा सरळ झालाच नाही. कोर्टानं दोन महिने ठोकले, अपीलही फेटाळलं. ब्याण्णवच्या उन्हाळ्यात ज्या दिवशी अंबडच्या कोर्टात हजर व्हायचं, त्याच दिवशी सकाळी कडूबा अंगणात गाडीपुढं बसला.

"उभी गाडी सडती," तो दुर्गाबाईला सांगत होता. "पेट्रोल ठिवलं तं आत चिकट होतं. बॅटरी काढून घरात ठिव. उंदरं घुसत्यात, म्हणून सायलेन्सरात बोळा."

प्लगच्या भोकात त्यानं चमचाभर ऑइल सोडलं, किक हातानंच हळूहळू फिरवली आणि प्लग परत बसवला. नळी उपसून टाकीतलं पेट्रोल डब्यात उतरवलं.

"मागलं चाक स्टँडवर हायेच, आता मी हँडल उचलतो. तू इंजिनाखाली इट सरकव. चाकं अधांतरी राह्यली म्हंजी टायर बसत न्हाई."

दुर्गाबाईनं चुलीमागची अख्खी वीट आणली. तेवढ्यात भुजंग अंगणात शिरला. उजवा हात छातीशी वाकडा, डाव्यात कुऱ्हाडीचा दांडा.

"चाललास व्हय जेलात? मंग हिला कशाला नटवतू?"

पहिल्याच टोल्यात हेडलाइट फुटला. दुसरा टाकीवर बसला, टाकीला वाटीएवढा खड्डा पडला. कडूबानं डबा उचलला आणि सगळं पेट्रोल भुजंगच्या डोक्यावर ओतलं. भुजंग डोळे धरून किंचाळला आणि दांडा टाकून गुडघ्यावर आला. कडूबानं त्याच्या छाताडात लाथ घातली. भुजंग उताणा पडला, तसा कडूबानं त्याच्या गळ्यावर पाय दिला आणि खिशातून काडेपेटी काढली.

"सोडा त्यास्नी," दुर्गाबाई म्हणाली. "दोन महिन्याची जन्मठेप व्हईल."

"व्हऊ दे. कोळसाच करतो ह्याचा."

"अन् मी? मी काय करू जन्मभर?"

"सरक मागं, न्हाईतर तुला बी पेटवतो."

त्यानं काडी पेटीला लावली. दुर्गाबाईनं वीट दोन्ही हातांनी वर नेली आणि त्याच्या उजव्या मनगटावर घातली. वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला. काड्या पेट्रोलात सांडल्या, एकही पेटली नाही. कडूबा हात पोटाशी धरून खाली बसला. बायकोनं मारलं हेच त्याला आधी समजेना.

"मारा आता काडी," दुर्गाबाई म्हणाली. वीट तिच्या हातातच होती. मग ती भुजंगकडं वळली. "भावजी, उठा. पुन्हा ह्या अंगणात दिसलात तं दुसरं कोपर मी फोडीन."

भुजंग आंधळ्यासारखा चाचपडत, ठेचकाळत पळाला. दुर्गाबाईनं नवऱ्याच्या मनगटाला फडकं गुंडाळलं आणि त्याला बसमध्ये बसवून दिलं. कोर्टातल्या शिपायानं विचारलं, "हात कशानं मोडला रे?"

"गाडी अंगावर पडली, साहेब."

दोन महिन्यांनी कडूबा परत आला. मनगट वाकडंच बसलं होतं. त्यानं अंगणातल्या गाडीवरचं पोतं ओढलं. हेडलाइट फुटलेला, टाकीला खड्डा तसाच, पण सायलेन्सरात बोळा होता, चेनला ग्रीस होतं, दोन्ही चाकं अधांतरी. इंजिनाखाली वीट, एका कोपऱ्याला ढलपा उडालेली.

"तीच का गं ही?"

"तीच."

त्यानं गाडी खाली घेतली आणि वीट उचलून उकिरड्याकडं निघाला.

"ठिवा तिथंच," दुर्गाबाई ओट्यावरून म्हणाली. "लागली तं हुडकाया नको."

कडूबानं वीट होती तिथं ठेवली.