ऐकणाऱ्याचा चेहरा

माझा दादा मुंबईच्या एका फिल्म स्टुडिओत मोठ्या हुद्द्यावर होता. हुद्द्याचं नाव इंग्रजीत आणि इतकं लांबलचक, की यवतमाळजवळच्या आमच्या लोहाऱ्यात ते कुणालाच धड म्हणता येत नसे. माय शेजारणींना सांगायची, "पोरगा पिक्चरच्या कंपनीत सायेब हाये." लगेच प्रश्न यायचा, मग हिरोला घेऊन कधी येतो? दादा हसून म्हणायचा, "हिरो मलेच भेटत नाही काकू, त्याचा मॅनेजर भेटते."

त्याचं खरं काम ऐकण्याचं. सिनेमावाल्यांत कथा वाचायला देण्यापेक्षा तोंडी सांगायची पद्धत आहे. तिला ते नॅरेशन म्हणतात. लेखक येतो, चहा घेतो आणि दोन-अडीच तास बसून अख्खा पिक्चर सांगतो, गाण्यांसकट, मारामारीसकट. दादा समोर बसून ऐकायचा आणि पिक्चर काढायचा की नाही ते ठरवायचा. आमचे बाबा राजूरच्या खाणीत कामाला होते. आपला मुलगा गार खोलीत बसून लोकांच्या गोष्टी ऐकतो आणि त्याचा पगार घेतो, याचं त्यांना जाईपर्यंत नवल वाटत राहिलं.

"ऐकून मंग काय करतं तू?" ते विचारायचे.

"बहुतेक वेळा नाही म्हनतो, बाबा."

"एवढंच?"

"एवढंच."

ऐकताना दादाच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. हे त्याने मुद्दाम कमावलं होतं. नवीन असताना एका लेखकाच्या विनोदावर तो खळखळून हसला, तर त्या बिचाऱ्याने घरी जाऊन पेढे वाटले. पुढे वरच्यांनी तो पिक्चर नाकारला. दुसऱ्या एकाच्या वेळी दादाच्या कपाळावर आठी पडली आणि तो माणूस पुढचं सगळं विसरून गेला. तेव्हापासून गोष्ट संपेपर्यंत चेहरा कोरा. मध्ये लेखक अडखळला की दादा फक्त "पुढे?" म्हणायचा. मी त्याला खूप चिडवायची. यवतमाळला एका लग्नात मठ्ठ्याचा ग्लास हातात धरून एका निवृत्त तलाठ्याने त्याला महाभारताएवढी लांब स्टोरी ऐकवली. वऱ्हाडी जेवून उठले, नवरी निघाली, दादा तसाच उभा. मी म्हटलं, "दादा, तुझा पुतळा बसवून देऊ का इथं?"

माय याच्या अगदी उलट. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, ती रोज संध्याकाळी बुद्धविहारात ग्रंथवाचन ऐकायला जायची. वाचणारा वाचतो आणि माय खालून "हो बाप्पा", "अरे देवा रे" करत राहते. डोळे पुसते, मान हलवते, शेजारणीला कोपर मारते. घरी येऊन सगळं पुन्हा आम्हाला सांगते आणि पुन्हा रडते. दादा म्हणायचा, "माय मुंबईले आली त लेखकायचं सोनं होईल. सगळेच पिक्चर पास."

त्याने पास केलेला एक पिक्चर यवतमाळला लागला तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो. नावं सुरू झाली आणि माय पिशवीत चष्मा शोधू लागली. चष्मा सापडेपर्यंत दादाचं नाव येऊन गेलं. बाबांनी ते पाहिलं होतं, त्यामुळे घरी येईपर्यंत दोघांचं भांडण चाललं.

मग स्टुडिओ विकला गेला. नवीन मालकांना कथा ऐकणारा माणूस नको होता. दादाची केबिन गेली, मग नोकरी. "थोडे दिवस येतो" म्हणून तो लोहाऱ्याला आमच्या घरी आला. बाबा तोवर गेले होते आणि माय माझ्याकडेच असायची. पोरगा घरी राहायला आला म्हणून ती इतकी खूश होती, की त्याची नोकरी गेली याचं दुःख करायचंही तिला सुचलं नाही. रोज मांडे काय, बट्ट्या काय. दादा मात्र दोन घास खाऊन पोटावर हात ठेवायचा. मला ते बरं दिसेना. मी त्याला नागपूरला नेलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट समोर ठेवून सांगायला सुरुवात केली. आतड्याचा कॅन्सर, पसरलेला. दादा ऐकत होता. मध्ये डॉक्टर थांबले, तेव्हा तो म्हणाला, "पुढे?" डॉक्टर गोंधळून माझ्याकडे बघू लागले. मी रडत होते. पुढे फार काही नव्हतंच. काही महिने, फार तर.

परतताना देवळीजवळ आम्ही चहाला थांबलो. तो म्हणाला, "मायले सांगू नको."

"काहून?"

"माय ऐकल तवा तिचा चेहरा मले पाहवनार नाही. आयुष्यभर लोकायले नाही म्हटलं, लोकायचे चेहरे पाह्यले. तिचा नाही पाहू शकत." त्याने माझ्याकडून शब्द घेतला. मी चिडले, भांडले, शेवटी दिला. मरणाऱ्या माणसाशी किती भांडणार?

नेमकं त्याच आठवड्यात पुसदला मावशी पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. मावशीला मूलबाळ नाही. मायचा जीव दोन्हीकडे ओढू लागला. तिने दादाला समोर बसवलं.

"खरं सांग, डाक्टर काय म्हनले?"

"काही नाही माय. आतड्याले सूज हाये. गोळ्या चालू हायेत."

माय त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. लहानपणी दादाला खोटं कधी पचलं नाही; चोरून खाल्लेला गूळसुद्धा त्याच्या चेहऱ्यावर दिसायचा. मी दारात उभी होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, हल रे, एकदा तरी हल. पण एवढी वर्षं कमावलेला तो चेहरा होता. मायला त्यावर काहीच दिसलं नाही, आणि काही दिसत नाही म्हणजे काही नाही, असंच ती समजली. दुसऱ्या दिवशी तिने लुगडी भरली आणि पुसदच्या एसटीत बसली. खिडकीतून मला ओरडून सांगत होती, त्याला ताक देत जा, पोट थंड राहते.

महिनाभर ती मावशीला उठवत, बसवत, चालवत राहिली. रोज फोन करायची. दादा म्हणायचा, "मस्त हाये माय, तू मावशीले सांभाळ." फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करून पडायचा. मला त्याचा राग यायचा. अजूनही येतो.

मग एका सकाळी तो उठूच शकला नाही. यवतमाळला दवाखान्यात ठेवलं आणि मी शब्द मोडून मायला बोलावलं. ती स्टँडवरून पिशवीसकट सरळ वॉर्डाच्या दाराशी आली. मी बाहेर सगळं सांगितलं. आत जाऊन तिने दादाची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"काहून रे लेका? मी का तुह्या हापिसात ष्टोरी सांगाले आलती? मले कायले तो चेहरा दाखोला?"

दादाचा आवाज जवळजवळ गेला होता. तो रडला. तोंड उघडं टाकून, नर्ससमोर, माझ्यासमोर, बाजूच्या खाटेवरच्या माणसासमोर रडला. माय त्याचं डोकं धरून बसली, ती उठलीच नाही. जेवण तिथेच, झोप तिथेच. दोघांना मिळाले ते मोजकेच दिवस, आणि त्यातलेही बरेचसे तो गुंगीत होता.

मावशी आता काठी न घेता चालते. फोन करते तेव्हा दर वेळी म्हणते, "तुह्या मायनं मले उभं केलं." मी फोन मायकडे देते. माय ऐकते, चेहऱ्यावर काही दिसू देत नाही, आणि फोन मला परत देते.